भावसिंगची सस्ती पेल एल

भावसिंग मारेगावच्या एका बारमदी वेटर होता, पण बिअरच्या गोष्टीत त्याचा शब्द म्हणजे शब्द. महाग तेच चांगली, असं समजनाऱ्या लोकायले तो सांगे, "भाऊ, ते विलायती गव्हाची बिअर निस्ती पिकल्या केळावानी लागते. काळी स्टाऊट म्हणजे जळकी कॉफी. भाव मात्र तिप्पट. पुण्याची हे सस्ती पेल एल बिअर घ्या. कडू हाय, पन साफ कडू." ज्यानं आयकलं तो पस्तावला नाही.

अशा मानसाले पोरगी भेटून राह्यली नोती. "बारमदी हाय" म्हटलं का पाहुणे उठलेच. तिशी सरली, टाळू दिसाले लागली. मंग दारव्ह्याकडच्या तांड्यातून संगीताचं स्थळ आलं. पोरगी सोताहून हो म्हने. त्याची याडी, म्हंजे माय, म्हने, "बेटा, हे गेलं त मंग कोनी येत नाही."

बंजाऱ्यायच्यात सगाईची बोलनी तांड्याच्या मुखियाले, नायकाले, पाजल्याबिगर पुढं सरकत नाही. पोरीचा बाप गुलाबसिंग आपल्या तांड्याच्या नायकाले घेऊन भावसिंगच्या घरी आला. दोस्त बंटी भावसिंगच्या कानात म्हने, "अबे, महागाची आन. पाहुणे बाटली पाह्यते."

"चव पाह्यतीन. ज्यायच्या घरी जलमभर जाचं, तिथं पयल्याच दिवशी ढोंग कायले करू?"

त्यानं पेल एल ओतली. नायकानं बोट बुडवून दोन थेंब भुईवर शिंपडले, घोट घेतला, मिशी पुसली.

"झकास हाय बे! दे अजून."

याडी दाराआडून हासली. भावसिंगनं दुसरा गिलास भरला.

गुलाबसिंगनं बाटली फिरवून पाह्यली. "हे त सस्ती हाय. माह्या साडूच्या इथं विलायती होती."

"मामाजी, विलायतीत काई नाही. म्या साऱ्या चाखल्या."

"एवढ्या महागाच्या? तुह्या पगारात?"

इथं कोनीबी थाप मारली असती. मालकानं पाजली म्हनाचं, खतम. पन भावसिंगले चवीच्या गोष्टीत खोटं जमेच ना.

"गिऱ्हाईक तळाशी सोडून जाते नं," तो म्हने, "ते."

नायकानं भरला गिलास खाली ठेवला.

"कोनाकोनाचं उष्टं पेते पोरगा."

"माही पोरगी उष्ट्यावर नाही द्याची," म्हनत गुलाबसिंग उठला.

बंटी जीपमांगं धावला. "ओ नायक! दुसरा गिलास तुमीच मांगला होता!" कोनी मांगं पाह्यलं नाही. भावसिंगनं संगीताले फोन लावला. तिच्या मायनं उचलला अन् त्याचा आवाज आयकताच ठेवला. मंग तो नंबर लागलाच नाही.

बारपर्यंत गोष्ट पोचाले वेळ लागला नाही. "भावसिंग, तुह्यासाठी तळाशी ठेवली बे!" असं वरडत लोकं गिलास सरकवत. बंटीनं एकाची कॉलर धरली, दोन खाल्ल्या, दोन देल्ल्या. पन कितीकायच्या धरन?

याडी आता पाहुन्यायचं नावच काढत नाही. कोनती बिअर चांगली, असं कोनी इचारलं त भावसिंग म्हनते, "महागाची घ्या," अन् फडकं घेऊन दुसऱ्या टेबलाकडं जाते.