आप्पांच्या आवाजाचं बोर्ड

रिपेअरीच्या दुकानातून वस्तू लोक परत नेतात, किस्से मात्र कुणी नेत नाही. ते साचत राहतात आमच्याच डोक्यात! निपाणीत बसस्टँडच्या मागं आमचं दुकान. मालक आप्पा, आणि कामाला आम्ही दोघं, मी रेखा आणि बसू. बसू घरात कन्नड बोलतो, दुकानात मराठी, आणि आप्पांची पाठ फिरली की दोन्ही भाषांत शिव्या देतो.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे खुद्द आप्पांचा आवाज माझ्याकडे दुरुस्तीला आलाय. तंबाखूनं घसा खाल्ला, ऑपरेशनात स्वरयंत्र काढावं लागलं. आता टॉर्चसारखं एक मशीन गळ्याला लावतात तेव्हा शब्द फुटतात. त्याची बॅटरी गेली, आणि तसली मिळत नाही. दुसरी लहान बसवायची तर चार्जिंगच्या बोर्डात बदल करावा लागतो. बोर्ड नखाएवढं, त्यावर तिळाएवढा रेझिस्टर. बॅटरीत करंट किती सोडायचा ते तो ठरवतो. तो चुकला की बॅटरी फुगणार आणि आप्पा मुके राहणार. म्हणजे काम बारीक हत्यारांचं. आणि बारीक हत्यारं मागितली की आप्पांचं डोकं फिरायचं!

*

आप्पांचं सोल्डरिंग आयर्न जुन्या अँप्लिफायरच्या काळातलं, लई दांडगं. संकेश्वरचा एक दुकानदार इमर्जन्सी लॅम्प घेऊन आला. आप्पांनी ते आयर्न बोर्डाला टेकवलं मात्र, रेझिस्टर निघाला आणि त्याच्याबरोबर खालची तांब्याची पट्टीबी सोलून आली! बोर्ड कायमचं गेलं.

"पोरीनं घालवलं बघा," आप्पा गिऱ्हाइकाला म्हणाले, "डिप्लोमावाली हाय न्हवं!"

पोरगी तेव्हा बाहेर चहा पीत उभी होती. आत येऊन बघते तर गिऱ्हाईक माझ्याकडे रागानं बघतंय, आणि मला कळेना का! बसूनं नंतर सांगितलं.

*

मी भिंग मागितलं. आप्पा म्हणाले, "भाकरी फुगली का बघायला भिंग लावतीस का गं?" चिमटाही पार्लरमधला, भुवया काढायचा. त्यातून एकदा रेझिस्टर उडाला. तिघंही टेबलाखाली. आप्पा ओरडले, "घावला!" आणि मोठ्या ऐटीत बसवायला घेतला.

आयर्न टेकलं आणि दुकानभर फोडणीचा वास सुटला. बसूच्या डब्यातली मोहरी होती ती!

बसू म्हणाला, "आप्पा, जिरंबी घालू काय?"

मी पोट धरून हसले. आप्पा नाही हसले. त्या दिवसापासून बसूनं दुकानात डबा उघडायचा नाही असा हुकूम निघाला. अख्खा उन्हाळा तो समोरच्या कट्ट्यावर उन्हात बसून जेवला. मग माझंही हसू आटलं.

*

व्होल्टेज मोजायच्या मीटरची कथा तर विचारूच नका. मीटरची स्वतःचीच बॅटरी उतरलेली, त्यामुळं तो भलतेच चढे आकडे दाखवायचा. मी दुरुस्त केलेलं बोर्ड आप्पांनी त्यावर लावलं आणि भर दुकानात सुरू, "डिप्लोमा कुठं घेतलीस, जत्रंत?"

मी मीटरची बॅटरी बदलली आणि पुन्हा लावून दाखवलं. आकडा बरोबर आला.

आप्पा म्हणाले, "बघ, बोललो म्हणून नीट आलं!"

*

शेवटी मी बेळगावातनं माझ्या पैशानं बारीक टोकाचं आयर्न आणलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी आप्पांनी ते घरी नेलं. कशाला? पापडाच्या प्लास्टिक पिशव्या चिकटवायला! टोकावर प्लास्टिक जळून बसलं. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बिचाऱ्यांनी राखेनं घासून चकचकीत केलं आणि स्वतः दुकानात आणून दिलं. घासून मुलामा गेल्यावर त्या टोकाला सोल्डरिंगचं कथील धरतंय व्हय? टोक वाया गेलं.

आप्पा चार गिऱ्हाइकांसमोर आक्कांवर तुटून पडले. "देवानं डोकं दिलंय ते नुसतं कुंकू लावायला काय?" एक गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. आक्कांनी पदर सारखा केला आणि निघून गेल्या. आम्ही खाली माना घालून बसलो. आयर्नचं दुःख कसलं, आम्ही गप्प बसलो त्याची लाज वाटली. अजून वाटते.

*

ऑपरेशन झालं तेव्हा मात्र खरंच वाईट वाटलं. मशीन घेऊन आप्पा पहिल्यांदा दुकानात आले तो दिवस आठवतो. शेजारचे दुकानदार गोळा झाले, कुणी हार आणला. आप्पांनी मशीन गळ्याला लावलं. सगळे कान देऊन उभे. पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज आला, "बश्या, गिऱ्हाईक उभं हाय, डोळं फुटलं काय?"

हारवाला हार घालायचा विसरला.

*

आणि आता ते मशीन बंद. आप्पा स्वतः बेळगावला जाऊन आले. पिशवीतून काय काय काढलं! बारीक आयर्न, भिंग, चांगला चिमटा, नवा मीटर. सगळं माझ्यापुढं मांडलं आणि लहान पोरासारखे बघत उभे राहिले. इतकी वर्षं मी मागत होते, ते सगळं आलं!

काल सकाळी काम झालं. रेझिस्टर बदलला, बॅटरी भरली, गरमसुद्धा झाली नाही. माझ्याच गळ्याला लावून बघितलं, घुर्र केलं त्यानं.

दुपारी आक्का आल्या. "झालं काय गं?"

"झालं, आक्का. घेऊन जावा."

त्यांनी मशीन हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "परवा भाकऱ्या थापताना लई वर्षांनी मी गाणं म्हणत होते. माझं मलाच कळलं न्हाई गं."

आणि मशीन माझ्या टेबलावर ठेवून त्या चालत्या झाल्या.

संध्याकाळी आप्पा आले. गळ्यावर बोट ठेवलं, भुवया वर केल्या. झालं का?

बसूनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "पार्ट यायचा हाय, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. आणि मला हात जोडले.