आम्ही खरंच टोमॅटोला आलो होतो

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो. लोहा तालुक्यातल्या एका सरळ मुलाच्या लग्नात मी बिब्बा घालता घालता राहिलो. त्या घराशी माझं वैर नव्हतं, साधी ओळखसुद्धा नव्हती. मला फक्त टोमॅटो हवे होते, तेही आपल्या हातानं तोडलेले.

सुरुवात मुलीनं केली. ती पुण्याला नोकरी करते. संक्रांतीनंतर सुट्टी काढून नांदेडला घरी आली होती. या दिवसांत आम्ही दरवर्षी कुणाच्या तरी रानात हुरड्याला जातो. या वेळी तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड गावात माणसं टोपल्या घेऊन शेतात शिरतात, हवी ती फळं स्वतः तोडतात, वजन करून पैसे देतात आणि हसत घरी जातात.

"बाबा, हुरडा तर दरवर्षीचाच आहे. आपल्याकडे असं टोमॅटोचं शेत नसेल का कुठे?"

बायको तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तुझ्या बाबांना सगळं माहीत असतं."

हा टोमणा आहे हे मला कळत होतं. तरी मी म्हणालो, "शोधतो. त्यात काय एवढं."

मी विमा कचेरीत आहे. गावोगावची माणसं ओळखीची. भोकरच्या एका शेतकऱ्याला फोन लावला. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तोडणार बी तुम्हीच, आन् पैसे बी तुम्हीच देणार?"

"हो."

"साहेब, तब्येत बरी हाय ना? हितं रोज देऊन तोडायला बाया मिळंनात. तुम्ही सगळंच उलटं करून राहिलाव."

मग त्यानं फोन बाजूला धरून ते कुणाला तरी सांगितलं. पलीकडून भरपूर माणसांचं हसणं ऐकू आलं. उमरीच्या ओळखीच्या माणसाकडे टोमॅटो नव्हते, हळद होती. तो म्हणाला, "महिन्यानं हळद काढायला या की. सगळं घर घिऊन या, भाकरी आमच्याकडून." शेवटी कचेरीतल्या सहकाऱ्यानं लोह्याच्या पुढं त्याच्या मेहुण्याचं टोमॅटोचं रान असल्याचं सांगितलं. नंबर दिला. वर म्हणाला, "आधी फोन करून जा. कुत्रं लई वाईट हाय त्यांचं."

तो फोन मी केला नाही. दिवसभर हप्त्यांसाठी लोकांना फोन करणाऱ्या माणसाला संध्याकाळी फोन हातात धरवत नाही, हे एक कारण. भोकरचं ते हसणं अजून कानात होतं, हे खरं कारण. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता शनिवार उजाडला. बायकोनं विचारलं, "बोलणं झालंय ना त्यांच्याशी?"

"झालंय. वाट बघतायत," मी म्हणालो.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. लोहा ओलांडल्यावर मारुतीच्या देवळापासून आत वळायचं होतं. आमच्या भागात दर फाट्याच्या अलीकडे-पलीकडे एक मारुती असतो. मी पहिल्याच मारुतीपाशी वळलो. गाडी बैलगाडीच्या वाटेनं उड्या मारत गेली आणि एका शेतातल्या घरापुढं थांबली. मागं टोमॅटोचं रान दिसत होतं, बांबू आणि तारांवर चढवलेलं, लालच लाल. अंगणात सडा घातलेला, रांगोळी काढलेली. बाजेवर नवी कोरी चादर. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ हात जोडून पुढं आले.

"या पाव्हणं, या. पोरगं फाट्यावर उभं केलंय की तुमच्यासाठी. चुकामूक झाली जणू. सापडला म्हणायचा रस्ता."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतक्या कौतुकानं तिनं माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. मी स्वतःच चाट पडलो होतो. मग वाटलं, सहकाऱ्यानंच मेहुण्याला सांगून ठेवलं असणार. कुत्रं दिसलं नाही, तेही मी माझ्या नशिबावर घातलं.

घरातून त्यांच्या पत्नी, मावशी, आल्या. पोहे आले, चहा आला, बशीत पेढे आले. मावशींनी मुलीला जवळ बसवून घेतलं.

"केस लांब व्हते ना गं तुझे?"

"होते मावशी. पुण्याला गेल्यावर कापले."

"वाढतेल की. केसाचं काय," मावशी म्हणाल्या.

मुलीला राहवत नव्हतं. "मावशी, आधी टोमॅटो तोडू या का?"

मावशींनी मामांकडे बघितलं. मामा, म्हणजे ते टोपीवाले गृहस्थ, हसून म्हणाले, "रान बघायलाच आलेत ना पाव्हणे? हात लावून बघू द्या."

त्यानंतर जे झालं त्याला वेडेपणा हाच शब्द आहे. मुलगी एका सरीत शिरली, बायको दुसऱ्या. मावशींनी एकदा दाखवलं: फळ मुठीत धरायचं, अंगठा देठाच्या गाठीवर ठेवायचा आणि हलकंच मुरगळायचं. टक् असा आवाज येतो. त्या आवाजाची चटक लागते. मी पहिला टोमॅटो तोडला आणि तिथंच खाल्ला. सकाळच्या गारठ्यानं तो थंडगार होता, रस कोपरापर्यंत ओघळला. बायको सरीतून ओरडली, "अहो, इकडे या, इकडचे बघा केवढे आहेत." जिला बागेतल्या पाळण्यावर बसायलाही लाज वाटते ती माझी बायको पदर खोचून सरीतून पळत होती. मुलीशी तिची पैज लागली होती, कुणाचं कॅरेट आधी भरतं याची. दोघी एकमेकींच्या कॅरेटमधले टोमॅटो चोरत होत्या आणि मावशी दोघींना सामील होत्या. आमचे हात आधी पिवळे झाले, मग हिरवे, मग काळपट. टोमॅटोच्या झाडाचा असा रंग चढतो हे मला या वयात कळलं. मीही एक गाणं गुणगुणत होतो, असं मुलगी नंतर म्हणाली.

मावशी मामांना हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं, "पोरगी कामाला लाजत न्हाई हो."

मला वाटलं, गिऱ्हाइकाचं कौतुक करतायत.

मग मामांनी मला विहीर दाखवली. पाणी उन्हाळ्यातही असतं म्हणाले. मोटार दाखवली, गोठा दाखवला. घरातलं नवं न्हाणीघर दाखवलं आणि म्हणाले, "फरशी बसवून घेतली. आजकालच्या पोरींना बाहीर जमत न्हाई." मी मान डोलावली. शेवटी लिंबाखाली उभे राहून त्यांनी आवाज खाली आणला.

"पोराला कसलंच येसन न्हाई. सुपारीचं सुदिक न्हाई. पर शेती करतो म्हणलं की पोरी न्हाई म्हणून राहिल्यात. तीन वर्सं झाली, लई दारं हिंडलो. तुम्ही रान बघून सांगतो म्हणलाव, हेच लई झालं."

टोमॅटो विकणारा माणूस आपल्या मुलाला सुपारीचं व्यसन नाही हे कशाला सांगेल? सडा, रांगोळी, पेढे, केसांची लांबी, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात उतरलं. आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी मुलीकडचे लोक मुलाचं घर आणि रान बघायला येतात. हे घर अशा पाहुण्यांची वाट बघत होतं आणि त्यांच्या जागी आम्ही पोहे खाल्ले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण सरीतून बायकोचं हसणं ऐकू आलं. सांगितलं असतं तर आपला फोन झालेलाच नव्हता हे तिला कळलं असतं. एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी मी गप्प बसलो. मामांनी विचारलं, "मग, कसं वाटलं?"

मी म्हणालो, "छान आहे. घरी बोलून कळवतो."

मामांनी दोन्ही हातांनी माझा हिरवा हात धरला.

आम्ही अंगणात आलो तेव्हा मावशी माझ्या मुलीला कुंकू लावून तिच्या ओढणीत टोमॅटो घालत होत्या. नेमकी त्याच वेळी मोटारसायकल आली, तिच्यावर त्यांचा मुलगा. मागं लातूरची जीप. जीपमधून एक धिप्पाड गृहस्थ उतरले आणि त्यांची मुलगी. त्यांनी माझ्या मुलीच्या कपाळावरचं कुंकू बघितलं, भरलेली ओढणी बघितली, बाजेवरच्या रिकाम्या बशा बघितल्या.

"एका दिवशी दोन-दोन घरं बोलावता व्हय?" ते मामांना म्हणाले.

मी पुढं झालो. "नाही हो. आम्ही टोमॅटोला आलो होतो. नांदेडहून. तोडायला."

"नांदेडात टोमॅटो मिळत न्हाईत का?"

आम्ही टोमॅटोला आलो होतो ही खरी गोष्ट होती, पण आख्ख्या मराठवाड्यात तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नसता. ते नुसतं पाणी प्यायले आणि जीप वळवून निघून गेले. मुलगा मोटारसायकलवरून त्यांच्या मागं गेला.

मग मामांनी मला विचारलं, "खरंच टोमॅटोला आलता?"

"हो मामा."

"मग मघाशी कळवतो म्हणलाव, ते कशाचं?"

मी "गैरसमज झाला" असं काहीतरी पुटपुटलो आणि गाडीत जाऊन बसलो. मामांनी भरलेली कॅरेटं स्वतः डिकीत ठेवली. पैसे घेतले नाहीत. "तोडलेत तर घिऊन जावा," एवढंच म्हणाले.

वाटेत मुलीला हसू आवरेना. "बाबा, म्हणजे मला बघितलं त्यांनी? मग मी पसंत होते का?" बायको हसत नव्हती.

"फोन केलाच नव्हता ना तुम्ही?" ती म्हणाली.

"नव्हता. आणि मामा काय समजतायत ते मला विहिरीपाशीच कळलं होतं."

आता मुलगीही हसायची थांबली.

फाट्यावर तो मुलगा मोटारसायकलला टेकून उभा होता. लातूरचे पाहुणे फोन उचलत नव्हते. बायकोनं काच खाली करून त्यांचा पत्ता विचारला. "औसा रोडला, दाल मिलच्या मागं," तो म्हणाला. "पर राहू द्या काकू. रान आवडलं न्हाई म्हणले असते तर चाललं असतं. रानात पाऊल बी ठिवलं न्हाई त्यांनी."

मी नांदेडकडे वळायला लागलो. बायको म्हणाली, "लातूरकडे घ्या."

आणि गंमत बघा, एकदा सगळं तिच्यापुढं उघडं पडल्यावर माझं मन एकदम हलकं झालं. अहमदपूर मागं पडेपर्यंत आम्ही तिघंही पुन्हा खुळ्यासारखे हसायला लागलो होतो. मुलगी लातूरचे पाहुणे झाली आणि मला माफी मागायची तालीम द्यायला लागली. आवाज जाड करून विचारायची, "नांदेडात टोमॅटो मिळत न्हाईत का?" मी काही उत्तर दिलं की बायको म्हणायची, "असं नाही. नीट. सरळ." अधूनमधून मागून एकेक टोमॅटो पुढं यायचा. तो खात खात मी गाडी चालवत होतो.

लातूरच्या त्या घराचं दार गृहस्थांनीच उघडलं. मला बघून म्हणाले, "हितंबी आलाव?"

मी बोलायच्या आधी त्यांची मुलगी मागून पुढं आली. तिनं आमचे हात बघितले. माझे, बायकोचे, मुलीचे. सगळे बोटांपासून मनगटापर्यंत काळेहिरवे.

"अप्पा, सोयरीक बघायला आलेली माणसं हात असे करून घेतेल का?" ती म्हणाली.

अप्पांनी हात बघितले. मग डिकीतली कॅरेटं बघितली. मग मला विचारलं, "पैसे देऊन तोडायला निघालता?"

"हो."

ते हसायला लागले. भोकरला हसले होते अगदी तसंच, पण या वेळी ते हसू मला पेढ्यासारखं गोड लागलं. आम्हाला आत बसवलं, चहा सांगितला. त्यांची मुलगी म्हणाली, "आपण तर त्यांच्या घरचा चहासुदिक घेतला न्हाई अप्पा. रान बी बघायचं राहिलं." अप्पा म्हणाले, "जाऊ की येत्या रविवारी."

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. काम झालं होतं. पण बायको माझ्याकडे बघत होती. मी कप खाली ठेवला आणि उरलेलं सांगितलं, की मला विहिरीपाशीच कळलं होतं आणि तरी मी कळवतो म्हणालो होतो.

अप्पांचं हसू गेलं. त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "हे मला कशाला सांगता? ज्याला कळवतो म्हणलाव, त्याला कळवा." त्यांनी आपल्याच फोनवरून मामांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यापुढं ठेवला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. नंबर लातूरच्या पाहुण्यांचा होता.

"हाव पाव्हणे, बोला," मामा म्हणाले. त्या आवाजात इतकी आशा होती की ते पुढं काही बोलायच्या आत मी बोलायला लागलो.

"मामा, पाहुणे नाहीत, मी बोलतोय. सकाळचा, टोमॅटोवाला. त्यांच्याच घरून बोलतोय. ते रविवारी तुमच्याकडे येतायत, रान बघायला. आणि मी कळवतो म्हणालो होतो, म्हणून कळवतोय. तुम्ही मुलाचं सांगायला लागलात तेव्हाच मला सगळं समजलं होतं. बायकोशी खोटं बोललो होतो, ते बाहेर पडू नये म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही माझा हात धरलात तरी गप्प बसलो. माझं चुकलं, मामा. मावशींना बोलवा, त्यांचीही माफी मागायची आहे."