शरदचंद्र पाण्यात उतरले त्याची हकिकत

कॅनडातल्या व्हिटबी गावच्या शरदचंद्र नाडकर्णींनी उभी हयात एकच विषय शिकवला: अमेरिकेतल्या उत्तराधुनिक ऐतिहासिक कादंबऱ्या. इतिहास म्हणजे सांगणाऱ्याने रचलेली गोष्ट, सांगणारा बदलला की कालचा शूरवीर आज भेकड ठरतो, आणि वाचकाने दोन्ही निमूट ऐकून घ्यावं, हे त्यांनी तिथल्या किती पोरांच्या गळी उतरवलं असेल, देव जाणे. निवृत्तीनंतर ते मराठी मंडळात दिसेल त्याला पकडून हेच ऐकवत. माणसं त्यांना पाहिलं की सामोशांच्या टेबलाकडे सटकत.

याच मंडळात त्यांची स्वतःची एक गोष्ट होती, आणि तिला मात्र एकच बाजू होती. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या पहिल्या गणपतीचं विसर्जन त्यांनी केलं. तळ्याचं पाणी गारठलेलं, परवानगी नाही म्हणून पोलिसांची भीती, आणि पाण्यात एकटे शरदचंद्र! दर गणपतीला ही हकिकत व्हायची आणि दरवर्षी पाणी थोडं वाढायचं. यंदा ते छातीपर्यंत आलं होतं.

मंडळाच्या पन्नाशीसाठी नात जाई हिने आजीला फोनवर रेकॉर्ड केलं. आजी, म्हणजे उल्काताई, सहज बोलून गेल्या, "हे कुठले उतरतायत? कारमध्ये बसले होते. म्हणाले, पोलीस आले तर माझी इमिग्रेशन फाइल रिजेक्ट होईल. तू पटकन जाऊन ये, मी इंजिन चालू ठेवतो."

जसे काही दोघं बँक लुटायला निघाले होते!

शरदचंद्रांचा तिळपापड झाला. "साफ खोटं! डिलीट कर ते!"

"बट आजोबा, यू ऑल्वेज से देअर आर ओन्ली व्हर्जन्स," जाई म्हणाली.

"ते कादंबरीत! हे घडलंय!"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. विद्यार्थी त्यांना विसरले होते, त्यांनी लिहिलेलं पुस्तक कोणी वाचलं नव्हतं. लोक नाव घेत ते या एका विसर्जनासाठी. तेही गेलं तर उरणार काय? इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना पाण्याचा गारठा अगदी स्पष्ट आठवायचा. आता त्याच्या जोडीला कारच्या हीटरची ऊबही आठवायला लागली, आणि ते मनातून हादरले.

सोहळ्यात उल्काताई माइकपाशी गेल्या. नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पाण्यात हे उतरले. मी कारमध्ये होते." टाळ्या कडाडल्या.

हेच तर त्यांना हवं होतं. पण ऐकवेना. ते उभे राहिले. "नाही. ही उतरली. मी घाबरून गाडीत बसलो होतो."

मंडळाचा अध्यक्ष अनुप गहिवरून म्हणाला, "बघा, सर किती मॉडेस्ट! सगळं क्रेडिट वाइफला!" लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि शरदचंद्रांच्या अंगावर शाल पडली.

ते खुर्चीत येऊन बसले. पन्नास वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "पाणी फार गार होतं का गं?"

"पाय बधिर झाले होते," उल्काताई म्हणाल्या. "कारमध्ये येऊन बसले, तर तुम्ही म्हणालात, सीट ओली होतेय."