लतीफभाईंचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — का, ते पुढे कळेल. चार मित्र जमले, खफजीचे दिवस निघाले, की मी आमच्या बेसबॉलच्या गमती रंगवून सांगतो आणि माणसं पोट धरून हसतात. पण त्या गमतींमध्ये एक जागा येते. तिथं आलो की मी पटकन चहाचं विचारतो, नाहीतर गाडी मुलांच्या शिक्षणावर नेतो. कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. तुमच्याही आलं नसतं.

बेसबॉल? चिपळूणच्या माणसाचा आणि बेसबॉलचा काय संबंध? बरोबर आहे तुमचं. माझाही नव्हता.

तेलाला भाव आला होता तेव्हाची गोष्ट. कोकणातला जो तो वेल्डर, फिटर, रिगर होऊन निघाला होता. मी टाइमकीपर, म्हणजे हजेऱ्या आणि पाळ्या लिहिणारा कारकून, होऊन गेलो. खफजी म्हणजे सौदीतलं, कुवेतच्या सरहद्दीला चिकटलेलं गाव. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि समुद्रात तेलाचे प्लॅटफॉर्म. आमचा कंत्राटदार जपानी. यार्डाचे प्रमुख मोरिता साहेब — बुटके, शांत, आवाज कधी चढायचा नाही. पण बेसबॉल म्हटलं की हा माणूस लहान पोरासारखा व्हायचा. यार्डामागे वाळूवर जळकं तेल ओतून, रोलर फिरवून त्यांनी मैदान करून घेतलं होतं. दर शुक्रवारी मॅच. खेळून आलं की पायांना तेलाचा वास, आठवडाभर.

दर बुधवारी संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक भरायची. कोण खेळणार, कोणाला बसवायचं, मागच्या शुक्रवारी ज्यानं बॉल टाकले त्याच्या हाताला विश्रांती द्यायची का, राखीव पिचर किती ठेवायचे. पिचर म्हणजे आपला बॉलर. हे राखीव पिचर पाण्याच्या टाकीमागे हात गरम करत उभे असायचे. त्या जागेला म्हणे इंग्रजीत बैलांचा वाडा म्हणतात, म्हणून आम्ही भारतीय तिला सरळ गोठाच म्हणायचो. या बैठकीत मी का? तर कोण प्लॅटफॉर्मवर आणि कोण किनाऱ्यावर, हे यार्डात मलाच ठाऊक असायचं. माझ्याशिवाय संघ ठरत नसे. केबिनमध्ये एसी होता. पिवळट हिरवा बिनसाखरेचा चहा मिळायचा — कडू, पण साहेबांच्या हातचा.

साहेब मला खेळाचे नियम समजावून सांगायचे. त्यांचं इंग्रजी जपानी, माझं चिपळुणी. मला अर्धं कळायचं. आणि मी मान हलवायचो — हो, हो, समजलं. गोठ्यात बैल होतेच. केबिनमध्ये एक नंदीबैल होता. माणूस न कळलेल्या गोष्टीला मान का डोलावतो? मला खरंच याचं कुतूहल आहे, अजून आहे. "पुन्हा सांगा" म्हणायला काय पैसे पडत होते? साहेबांनी तर हसत हसत दहादा सांगितलं असतं. पण मला वाटायचं, एकदा विचारलं की पुढच्या बुधवारी माझ्याऐवजी त्या खुर्चीत दुसरा कुणीतरी बसेल.

आता लतीफभाई. दाभोळच्या खाडीवरच्या एका गावचे. रिगर, म्हणजे दोर-साखळ्यांनी जड सामान बांधून उचलणारे. माझ्याहून थोडे मोठे, उंच, बोलणं कमी. आमचा मुलूख एक म्हणून मला भाऊ म्हणायचे. घरची पिढीजात गलबतं. लहानपणापासून गलबतावरून धक्क्यावर दोर फेकायची सवय. एकदा लाँच धक्क्याला लागताना त्यांनी दोर फेकला आणि तो नेमका खुंटावर जाऊन बसला. साहेब तिथंच उभे होते. त्यांनी दुसऱ्यांदा फेकायला लावला, तिसऱ्यांदा लावला. पुढच्या आठवड्यापासून लतीफभाई किनाऱ्यावर, वर्कशॉपात, आणि शुक्रवारी मैदानात. बॉल काय टाकायचे! अमेरिकन कॅम्पचे धिप्पाड गडी हवेत बॅट फिरवून नुसते गरगरायचे. आणि प्रत्येक बॉलनंतर लतीफभाई मनगट एकदा जोरात झटकायचे. ओला दोर सोडल्यावर हाताचं पाणी झटकावं तसं. जुनी सवय. मैदानात पाणी कुठलं? पण झटकायचेच. आम्ही त्यांची थट्टा करायचो, तेही हसायचे.

त्या वर्षी आम्हा भारतीयांसाठी एक फॅमिली क्वार्टर सुटणार होतं. एकच. नाव सुचवायचं ते मोरिता साहेबांनी. आणि साहेबांनी लतीफभाईंना माझ्यासमोरच सांगितलं होतं, की मोसम संपला की तुला वर्कशॉपचा फोरमन करतो आणि क्वार्टरसाठी तुझंच नाव देतो. लतीफभाईंची मुलगी त्यांनी फक्त फोटोत पाहिली होती. ते कामाच्या मध्येच येऊन मला विचारायचे — क्वार्टरातलं पाणी गोडं असतं का? खिडकी समुद्राकडं आहे का? पोरगी मला बघून रडंल का ओ, भाऊ? मी काय सांगणार? मी म्हणायचो, रडेल दोन दिवस, मग सोडायची नाही.

मोसमातली शेवटची मॅच अमेरिकन कॅम्पाबरोबर. साहेब स्वतः बॅटरच्या मागे, तोंडावर जाळी बांधून बॉल अडवायला बसले होते. म्हणून खेळाडू बदलायचं काम त्या दिवशी माझ्याकडे दिलेलं. बाकावर मी, टोपी घालून. काय तो थाट! आम्ही पुढे होतो. लतीफभाई सुरेख टाकत होते. ऊन मात्र मी मी म्हणत होतं, आणि मला वाटलं, माणूस दमलाय. आपल्याकडे काय करतो आपण? फास्ट बॉलरला दोन षटकं विश्रांती देतो आणि शेपटाच्या वेळी परत आणतो. शहाणा कॅप्टन हेच करतो. मी उठलो, हात केला, लतीफभाईंना बाकावर बोलावलं आणि गोठ्यातून एका कोरियन पोराला आत पाठवलं. जाळीआडून साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पण एकदा दुसऱ्याला दिलेलं काम ते काढून घेत नसत. लतीफभाईंनीही "का?" म्हणून विचारलं नाही. पाणी प्यायले, बसले.

कोरियन पोराला चोपलं. चांगलंच चोपलं. मी लतीफभाईंकडे पाहिलं आणि बोटानं खूण केली — जा, उठा. ते लगेच उठले. खूश होऊन उठले. निम्म्या मैदानात पोचले तेव्हा अमेरिकन अंपायरनं दोन्ही हात आडवे केले आणि तिकडच्या अरबीत ओरडला, "खलास! खलास!" बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला माणूस त्या मॅचमध्ये परत येत नाही. साहेबांनी मला हे सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

अमेरिकन हसले. दुष्टपणानं नाही, या साध्या माणसाला नियमच माहीत नाही म्हणून हसले. मग आमचेही हसले. लतीफभाई मैदानाच्या मधोमध, हातात तो चामडी पंजा, आणि वळून माझ्याकडे बघतायत. भाऊ सांगेल. भाऊनंच पाठवलंय.

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. नाडी सुटलेली नव्हती.

पुढे एक गोष्ट मला कळली, तीही सांगतो, कारण ती मला अजून छळते. लतीफभाईंना बाकावर न आणता मैदानातच दुसऱ्या कुठल्या जागी उभं केलं असतं, तर ते परत बॉल टाकू शकले असते. नियमात बसतं ते. म्हणजे आपल्या क्रिकेटसारखंच, बॉलर बाउंड्रीवर जाऊन उभा राहतो तसं. एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं.

आम्ही हरलो. हरलो याचं कुणाला फारसं काही नव्हतं. जेवणाच्या वेळेपर्यंत विसरले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चिडले नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं — इतका छान टाकणारा माणूस मी का काढला, आणि काढलेला माणूस परत का आला? त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. काय झालं असतं? हसले असते. नियम पुन्हा समजावला असता. चहाही पाजला असता.

मी सांगितलं, त्यानंच हात दुखतो म्हणून बाहेर यायचं म्हटलं, सर. आणि मग न विचारता स्वतःच उठून गेला.

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. तयार असल्यासारखं बाहेर आलं. कुठं होतं ते इतके दिवस? मी स्वतःला खूपदा विचारलंय. साहेब एवढंच म्हणाले, की आपण होऊन मैदान सोडणारा माणूस त्यांना समजत नाही. पुढच्या पाळीला लतीफभाई परत प्लॅटफॉर्मवर. पाळ्या मीच लावायचो, त्यांचं नाव मीच टाइप केलं.

निघण्याच्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. रागानं नाही आले हो. रागानं आले असते तर मला सोपं गेलं असतं. साहेबांच्या तोंडून हात दुखल्याचं ऐकून त्यांना कोडं पडलं होतं. म्हणाले, "भाऊ, मी बोललो व्हतो काय कवा, हात दुकतो म्हून? साहेबाला कुनी सांगितलान आसंल?"

मी काय केलं असेल? तुम्हाला वाटेल, इथं तरी याची जीभ अडखळली असेल. नाही. मी म्हणालो, "लतीफभाई, तुम्ही सारखा हात झटकता ना. साहेबांना ते बघून वाटलं असेल."

आणि त्यांना पटलं. चेहऱ्यावरचं कोडं सुटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या उजव्या हाताकडे त्यांनी पाहिलं — घरचंच जनावर शेजाऱ्याच्या शेतात सापडावं तसं. "आसंल, आसंल," म्हणाले, आणि लाँचकडे गेले.

क्वार्टर मला मिळालं. साहेबांनी माझं नाव दिलं. मी नको म्हटलं नाही. पाणी गोडं होतं. खिडकी समुद्राकडे होती.

बायको मुलाला घेऊन आली त्या महिन्यात लतीफभाई रजेच्या दिवशी भेटायला आले. मुलासाठी खजूर आणला होता. बायकोनं येताना आणलेल्या आमसुलांचं सार केलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं, गावाची चौकशी केली, कुणाची गलबतं अजून चालतात ते सांगितलं. मुलगा त्यांना बघून रडला नाही. त्यांच्या मांडीवर जाऊन बसला, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. मी समोर बसून सगळं पाहत होतो. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त एक विचित्र उत्सुकता होती — हा माणूस अजून हात झटकतो का? जेवून झालं. ते मोरीवर हात धुवायला गेले. आता झटकतील, मला वाटलं. पाण्यानं हात ओला झाला की झटकणारच, माणूस सवय कुठे टाकणार?

त्यांनी नळ बंद केला. उजवा हात ओलाच, हवेत जरा उचलला. मग डाव्या हातानं मनगट घट्ट धरलं आणि पाणी आपोआप निथळेपर्यंत तसेच उभे राहिले. नंतर निरोप घेईपर्यंत तो हात त्यांनी डाव्या हातात धरूनच ठेवला होता.

करार संपला तसे ते गावी गेले. त्यांची बायको-मुलगी खफजीला कधी आल्या नाहीत.

त्या जेवणाच्या दिवशी ते जिना उतरून गेल्यावर दार लावता लावता बायकोनं हळूच विचारलं, "चांगला आहे हो माणूस. हात अधू आहे का त्यांचा?"

मी म्हटलं, "हो."