आत्याची निळी स्क्रीन

आमची आत्या भित्री आहे. लिफ्टला घाबरते, कुकरच्या शिट्टीला घाबरते, दारावरची बेल वाजली तर आधी छातीवर हात ठेवते आणि मग उठते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आत्याच्या पाठी त्याचं अख्खं कुटुंब असावं. मी तिच्याकडेच राहते आणि रोज कशावरून तरी तिच्यावर खेकसते.

तिचं काम मात्र मला सात जन्मांत जमायचं नाही. हेडफोन लावून ती घरबसल्या कुणाचं तरी बोलणं ऐकते आणि बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत ते टाइप करते. दूर कुठेतरी ऐकू न येणाऱ्या माणसासमोर ते शब्द उमटतात. इतका वेग यावा म्हणून तिने वर्षानुवर्षं स्वतःची लघुरूपं बनवली आहेत. दोन अक्षरं मारली की पूर्ण शब्द तयार. ती सगळी तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये. दुसऱ्याच्या मशीनवर आत्यासुद्धा माझ्यासारखीच, एकेक अक्षर शोधणारी. लॅपटॉप फारच रखडायला लागला तेव्हा आमच्या दुरुस्तीवाल्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी सिस्टिम घालून दिली, आणि तो पुन्हा धावायला लागला.

त्या दिवशी अकरा वाजता एका मुलीची तोंडी परीक्षा होती. मुलगी बोलते स्पष्ट, ऐकू मात्र काहीच येत नाही. आत्या तिला 'आपली पोरगी' म्हणते, भेटलेली एकदाही नाही. पास झाली तर लॅबमध्ये काम करायचा परवाना. मागच्या खेपेला टाइप करणारा माणूस ऐनवेळी आलाच नाही, परीक्षकांच्या ओठांकडे बघत बसून पोरगी नापास झाली. आता ही शेवटची संधी होती.

सकाळी आत्याने लॅपटॉप उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आजूबाजूची नेटवर्कं दिसतात तिथे एकच ओळ होती: वायफाय अडॅप्टर सापडला नाही.

"गेलं गं सगळं," ती म्हणाली.

"काही गेलेलं नाही. सरक जरा."

मी लॅपटॉप बंद करून चालू केला, राउटर बंद करून चालू केला. माझ्या फोनवर तेच वायफाय मजेत चालत होतं. इंटरनेटची वायर लावायची जागा लॅपटॉपला होती, पण ती केव्हाच मोडलेली. फोनचं इंटरनेट मिळावं म्हणून केबलने फोन जोडला, तर केबल नुसती चार्जिंगची निघाली. शेवटी फोनवर शोधाशोध करून कुणीतरी सांगितलेली एक लांबलचक कमांड सापडली. ती टाइप करायला घेतली तशी आत्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"त्याने माझे शब्द पुसले गेले तर?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती कमांड नेमकं काय करते, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मी मुकाट्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काल अपडेट केलं होतं का?" त्याने विचारलं.

"हो."

"मग वायफाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आहे, पण मशीन त्याला आत घेत नाहीये. अपडेटनंतर चालू करताना एक निळी स्क्रीन येते. या ड्रायव्हरवर विश्वास ठेवायचा का, असं विचारते. आली होती का?"

मी आत्याकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

"आली होती," ती पुटपुटली. "आकडे उलटे मोजत होती. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ती गेली होती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू ओरडली असतीस."

मी फोन तिच्याजवळ सरकवला.

दुरुस्तीवाल्याने ती निळी स्क्रीन पुन्हा आणणारी दुसरी, छोटी कमांड सांगितली, नवा पासवर्ड ठरवायला लावला. "आता बंद करून चालू करा. आकडे संपायच्या आत कुठलंही बटण दाबायचं. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काही उमटणार नाही. घाबरायचं नाही." घाबरायचं नाही म्हणे, आणि हे कुणाला, तर आमच्या आत्याला! "मीच दाबते," मी म्हटलं, तर तो म्हणाला, "त्यांनाच करू दे. पुढच्या वेळी तू घरात नसलीस तर?"

निळी स्क्रीन आली. आकडे उतरायला लागले. आत्याची बोटं कीबोर्डवर अधांतरी राहिली, आणि मला वाटलं, ही आता डोळे मिटणार. मी ओरडणार एवढ्यात तिने बटण दाबलं. मग पासवर्ड मारला.

"काहीच दिसत नाहीये गं."

"दिसणारच नाही. मार पुढे."

लॅपटॉप पुन्हा चालू झाला. वायफाय आलं. तिचे शब्दही जागच्या जागी होते. आत्याने हेडफोन चढवला तेव्हा घड्याळाचे काटे अकराला टेकले होते, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकून मागे उभी राहिले.

परीक्षा सुरू झाली. 'सुप्रभात, बसा' अशा दोन ओळी उमटल्या आणि आत्याची बोटं थांबली. चेहरा पांढराफटक.

"काय झालं? पुन्हा गेलं?"

तिने नकारार्थी मान हलवली. "ते आपापसात बोलतायत. हळू. तिला कळत नाही असं समजून." ती माझ्याकडे वळली. "हे लिहिलं तर तक्रार करतील माझी. पुन्हा बोलावणार नाहीत. आणि पोरीला काय वाटेल?"

या कामात एकच नियम आहे: कानावर पडेल ते सगळं लिहायचं. गाळायचा हक्क टाइप करणाऱ्याला नाही. हे तिनेच मला कितीदा सांगितलेलं. पण त्या क्षणी ते तिला ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. मलाही भीती वाटत होती.

आत्याने टाइप केलं. मी स्क्रीनवर वाचलं:

'बहिरी माणसं लॅबमध्ये म्हणजे डोक्याला ताप. दोन प्रश्न विचारू आणि घालवून देऊ.'

मी वाकून हेडफोनला कान लावला. पलीकडून मुलीचा स्पष्ट आवाज आला.

"मी हे वाचलंय, सर. पण मला सगळे प्रश्न विचारा."

कुणीतरी घसा साफ केला. खुर्ची सरकली. परीक्षकाने पहिला प्रश्न विचारला, आणि आत्याने तो लिहून काढला, एकही अक्षर न गाळता.