डाळमिलमधली डोळे तपासणी

डॉक्टरने भिंतीवरचा तक्ता काढून दुसराच लावला, आणि माझं पाठांतर वाया गेलं. शेट शेजारीच उभे. मी म्हटलं, "अक्षरं कुठायत? मला नुसतं पांढरं दिसतंय."

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. जळगावच्या त्या डाळमिलमध्ये आम्ही नऊ बायका तुरीची डाळ निवडायचो. आठवडाभर आधी एका व्यापाऱ्याने खडे निघाले म्हणून पोती परत पाठवली होती. लगेच शेटने कामगारांसाठी फुकट डोळे तपासणी ठेवली. फाटकावर कापडी फलक लागला. त्यावर शेटचं नाव हातभर, डोळ्यांचं बोटभर.

"हाऊ बायास्ले काढाना डाव शे," अक्का म्हणाली. ती आमच्यात सगळ्यात थोरली. जिला दिसत नाही तिला घरी बसवणार, हे सगळ्यांनाच पटलं. फुकट काही देणारा शेट आम्ही तोवर पाहिला नव्हता.

तक्ता आदल्या दिवशीच आणून गोदामात टांगला होता. मी चौथी पास. जेवणाच्या सुट्टीत तक्त्याला नाक लावून अक्षरं वाचली आणि दुपारभर डाळ निवडता निवडता आठही जणींकडून घोकून घेतली.

पहिली अक्का बसली. डॉक्टर काही विचारायच्या आत तिने तक्त्याकडे पाठ करून, त्यांच्याच तोंडाकडे बघत सगळी अक्षरं म्हणून टाकली.

"आजी, तक्ता तुमच्या मागे आहे."

"माले बठ्ठं दिखस, भाऊ."

पाठीमागचंही सगळं दिसतं म्हटल्यावर बायका फिदीफिदी हसल्या. डॉक्टरने तक्ता बदलला तो तेव्हा, आणि मला बोलावलं.

"हिची नजर सगळ्यात बारीक," शेट कौतुकाने म्हणाले होते. माझं उत्तर ऐकून डॉक्टर त्यांना म्हणाले, "मग डाळीत खडे राहणारच."

पोती परत पाठवणारा व्यापारीही चहाला आलेला. तो म्हणाला, "शेट, फलकाच्या आधी चष्मे घेतले असते तर बरं झालं असतं." शेटचं तोंड उतरलं.

आता गेलंच काम, असं धरून मी बोलले, "शेट, काढायचं तर सरळ काढा. डॉक्टर आणून कशाला काढता?"

शेट भडकले. "अगं बाई, काढायचं असतं तर एवढा खर्च केला असता का मी?"

हे मात्र आम्हाला पटलं.

शेटने बातमीसाठी बोलावलेला पेपरवाला फोटोसाठी ताटकळला होता. त्याच्यासमोर शेटला चष्मेही कबूल करावे लागले. पंधरा दिवसांनी ते आले. चष्मा लावून मी सुपात पाहिलं आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली. इतकी वर्षं मी निवडलेली डाळ लोकांनी खाल्ली कशी, देव जाणे. अक्काने शेटकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, ते वाटले होते त्यापेक्षा म्हातारे आहेत.

आम्ही नऊजणी होतो. नऊच्या नऊ कामावर राहिलो.