हितं म्हणजे कुठं

मी फारशी बोलत नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या गोष्टी माझ्याकडंच साठत जातात. आईला गाठ लागली तेव्हापासून तर इतक्या साठल्या आहेत, की रागानं झोप लागत नाही. त्यातल्या काही सांगते.

*

आमच्या किकवी गावात पुरुषाला छाती असते, बाईला फक्त ‘हितं’ असतं. आई पप्पांना म्हणाली, “हितं गाठ लागतीय.” पप्पांनी भोरच्या डॉक्टरांना सांगितलं, “मंडळींच्या छातीत दुखतंय.”

लगेच ईसीजी काढला. त्याची एक चकती गाठीपासून दोन बोटांवर चिकटवली होती. हृदय ठणठणीत निघालं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “अहो, आणि गाठ?”

“ती कशी सांगायची? पुरुष माणूस हायेत ते.”

*

मग एका डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सोनोग्राफी झाली. त्या म्हणाल्या, सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासावा लागेल, त्याशिवाय कॅन्सर आहे की नाही ते कळणार नाही.

हे ऐकून वरव्याहून आत्या आली. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तिच्यापुढं पप्पा मान वर करत नाहीत.

“सुई लावली की गाठ चवताळती,” आत्या म्हणाली. “अजाबात टोचायचं न्हाई.”

मी हळूच म्हणाले, “आत्या, तसं नसतं.”

“तू तुझं दहावीचं बघ.”

ज्या बाईच्या अंगात गाठ होती, तिला कुणीच काही विचारलं नाही. ती आत सगळ्यांसाठी चहा करत होती.

*

शाळेत विज्ञानाच्या बाईंना मी एकटीनं गाठून विचारलं, की सुईमुळं गाठ पसरते का. तेवढं बोलायलाही मला सगळी मधली सुट्टी लागली होती.

बाईंनी आधी दाराकडं पाहिलं. “हे परीक्षेला येत नाही,” म्हणाल्या.

*

आत्यानं वेल्ह्याकडून गाठीवर लेप देणारा एक माणूस आणला. त्यानं विचारलं, “गाठ कुठाय?”

आई खाली बघायला लागली. पप्पा अंगणात गेले. आत्यानं पदर सावरला आणि परक्या माणसाला सांगितलं, “खांद्याला.”

त्यानं खांद्याला लेप लावला. आईनं लावून घेतला. खांदा पिवळाधमक झाला, गाठ होती तिथंच राहिली.

त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, “गाठ आईच्या स्तनात आहे. खांद्यात नाही.”

पप्पांचा घास हातातच राहिला. “पोरगी लई वाया गेली,” आत्या म्हणाली.

सकाळी आई चांगली साडी नेसून दारात उभी राहिली. “चल गं. एसटी जाईल.”

*

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी सुईचं यंत्र आधी हवेतच चालवून दाखवलं. स्टेपलरसारखा टक्क आवाज झाला. “एवढाच आवाज येईल. जागा बधिर करणार आहे, घाबरू नका.”

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यांनी सुई बरोबर गाठीत घातली. शेवईच्या तुकड्यांसारखं काहीतरी बाटलीत पडलं. वर एक पट्टी लावली. टाकासुद्धा नाही.

“सुईनं गाठ चवताळती का हो?” आईनं विचारलं.

“नाही. कॅन्सर असला तर वाट बघत बसल्यानं वाढतो.”

आई कपडे नीट करताना रडली. “दुखतंय का?” मी विचारलं.

“न्हाई गं. एवढ्यासाठी थांबले मी.”

*

रिपोर्ट आला. साधी गाठ. मॅडम म्हणाल्या, लक्ष ठेवू. वाढलीच तर जाड सुईनं ओढून काढता येईल, मोठं कापावं लागणार नाही.

पप्पा गावभर सांगत सुटले, “मी म्हणतच होतो, काय नसणार.”

आणि आत्या म्हणाली, “लेपानं गुण आला.”

खांद्याच्या लेपानं!

*

परवा मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत्या शेजारी येऊन बसली. आधी आत कुणी आहे का ते तिनं पाहिलं.

“तो पुण्याचा दवाखाना कुठं म्हणालीस?”

“का गं आत्या?”

“आमच्या वरव्यात एक बाई हाय. तिला बी तसलंच हाय म्हणं.”

“कधीपासून?”

“झाली की दोन-तीन वर्सं.”

“मग दाखवलं नाही तिनं? दुखत नाही का तिला?”

आत्या राखेत बोट फिरवत राहिली.

“न्हाई गं,” ती म्हणाली. “मला कुठं दुखतंय.”